किंग हेन्री रोडवरचे दहा नंबरचे घर



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा असणार की हा गृहस्थ तेंदूपत्त्यावर, बांबूच्या मजुरीवर नाहीतर किमान वेतनावर बोलेल. मी कळवले, ‘लंडनमधल्या एका जुन्या घराची बांधणी.’ निरोप घेऊन गेलेला मुलगा पुन्हा विचारायला आला, ‘काका, घराचीच ना?’ मी म्हटले, घराचीच. मी काही शिल्पशास्त्राचा पदवीधर नाही. माझे शिक्षण सातवीनंतर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. लंडन मी पाहिलेले नाही. पण जे घर सांगणार आहे ते आपल्या महाराष्ट्र राज्याच्या मालकीचे आहे, म्हणजे माझ्या आणि तुमच्याही मालकीचे आहे. आणि आपल्या मालकीच्या घराची माहिती आपल्याला असावी एवढाच माझा अधिकार.

लंडनच्या उत्तर भागात प्रिमरोझ हिल नावाची हिरवी टेकडी आहे. तिच्या जवळ किंग हेन्री रोड नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरचे दहा नंबरचे चार मजली घर. १९२१-२२ साली या घरात एक हिंदुस्थानी विद्यार्थी भाड्याने राहत होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच माणसाने चांद्याला येऊन हजारोंना धम्मदीक्षा दिली. त्या वेळी आपले कुरखेडाही चांदा जिल्ह्यातच होते. तेव्हा हे घर वाटते तितके आपल्यापासून लांब नाही.

आता बांधणीकडे वळू.

लंडनची घरे विटांची का, याचे उत्तर आगीत आहे. १६६६ साली लंडनला मोठी आग लागली आणि लाकडी शहराची राख झाली. त्यानंतर कायद्याने वीट आणि दगड सक्तीचे झाले. १७७४ च्या कायद्याने घरांच्या चार प्रती ठरवल्या आणि कोणत्या प्रतीच्या घराची भिंत किती जाड असावी हे लिहून दिले. दोन घरांच्या मधली सामाईक भिंत छपराच्याही वर काढायची, म्हणजे एका घराची आग दुसऱ्यावर उडी मारणार नाही. खिडकीची लाकडी चौकट विटांच्या आड मागे सरकवायची, म्हणजे ज्वाळा तिला चाटणार नाही. आज चित्रकार ज्या रांगेचे आणि ज्या खोल खिडक्यांचे कौतुक करतात, त्या सौंदर्याचा जन्म आगीच्या धाकातून झाला आहे. शोभा म्हणून कोणी ती केली नव्हती.

आपल्या घरावरचा रस्ता जिथे आहे ती जमीन ईटन कॉलेजची होती. हे ईटन म्हणजे इंग्लंडच्या सरदार-जमीनदारांच्या मुलांची शाळा. सहावा हेन्री राजा याने १४४० साली तिची स्थापना केली, म्हणून रस्त्याला राजा हेन्रीचे नाव. एकोणिसाव्या शतकात शेजारून रेल्वे गेली, लंडन फुगू लागले, आणि त्या शेतजमिनीला सोन्याचा भाव आला. पण मालकाने जमीन विकली नाही. लंडनची रीत अशी की जमीन बांधकाम ठेकेदाराला साधारण नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने द्यायची, वर्षाला भूभाडे घ्यायचे, आणि मुदत संपली की जमिनीसकट घरही परत घ्यायचे. ठेकेदार स्वतःच्या जोखमीवर घरे उभी करी आणि गिऱ्हाईक शोधी. बहुतेक ठिकाणी त्याला वास्तुशिल्पी लागतच नसे; छापील नमुन्यांची पुस्तके मिळत, त्यांवरून गवंडी आणि सुतार काम करीत. मंडळी, हे लक्षात ठेवा. राजवाड्याला शिल्पकाराचे नाव असते. या घरांना नाव नाही. ती गवंड्यांनी आपसात ठरवून घेतलेली भाषा आहे, जशी आपली कवेलूची घरे आहेत.

त्यांचे सामान पाहा. लंडनची पिवळट वीट तिथल्याच मातीची. तिच्यात शहरातल्या चुलींची चाळलेली राख मिसळत, म्हणजे भट्टीत वीट आतूनही भाजे आणि कोळसा वाचे. शहराचा कचरा शहराच्याच भिंतीत गेला. जोडायला चुन्याचा मसाला. छपराला वेल्सच्या खाणीतली पाटी, ज्या पाटीवर आपण अक्षरे गिरवली तोच दगड. रेल्वे आल्यावर ती स्वस्तात लंडनला पोहोचू लागली. दर्शनी भागाला पुष्कळदा गिलावा करून दगडाचा आव आणलेला. खिडक्या वरखाली सरकणाऱ्या. चौकटीच्या पोटात दोरीला वजने टांगलेली, म्हणून जड काच एका हाताने उचलते आणि हवी तिथे थांबते. १६९६ पासून इंग्लंडात खिडक्यांवर कर होता. खिडकी बुजवली की कर वाचे आणि घर अंधारे होई. काचेवरचा कर १८४५ मध्ये, विटांवरचा १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये उठला. त्यानंतरच्या घरांत मोठ्या काचा आणि भरपूर उजेड आला. उजेड हीसुद्धा मिळवावी लागणारी गोष्ट आहे, हे ज्यांनी कामगार वसाहतीच्या चाळीत खिडकी मागितली आहे त्यांना मी काय सांगावे?

पण या घराचा खरा अर्थ समजायचा असेल तर ते सुरीने केळे कापावे तसे वरून खालपर्यंत मनातल्या मनात कापून पाहिले पाहिजे. असे घर रुंदीला थोडे आणि उंचीला फार असते. एका मजल्यावर दोन, फार तर तीन खोल्या. बाकी सगळा जिना. तळघरात स्वयंपाकघर, भांडी घासायची मोरी आणि कोळशाची जागा. पुष्कळ रस्त्यांवर कोळशाची कोठी थेट फुटपाथाखाली असे; वर लोखंडाचे गोल झाकण, तेवढे उघडून कोळसेवाला पोती रिकामी करी. त्याचे पाऊल घरात पडायचे कारण नाही. रस्त्याच्या पातळीपासून चार-सहा पायऱ्या चढून गेले की मुख्य दार, आत जेवणाची खोली. त्यावरच्या मजल्यावर दिवाणखाना, सर्वांत उंच छत आणि सर्वांत मोठ्या खिडक्या त्याला. त्यावर निजण्याच्या खोल्या. आणि अगदी वर, छपराखाली, जिथे छत डोक्याला लागते आणि हिवाळ्यात पाणी गोठते, तिथे मोलकरणी. म्हणजे जी मुलगी पहाटे उठून तळघरात चूल पेटवी, तीच रात्री सगळ्या जिन्यांवरून वर जाऊन छपराखाली निजे. दिवसभर कोळसा वर, राख खाली. गरम पाणी वर, घाण पाणी खाली. जिने मालकाचे आणि पाय तिचे.

आणि दारे दोन. पाहुण्यासाठी वर जाणाऱ्या पायऱ्या. खाटीक, दूधवाला आणि नोकर यांच्यासाठी खाली उतरणाऱ्या पायऱ्या. हे प्रथम वाचले तेव्हा मला माझाच एक प्रसंग आठवला. तरुणपणी मी आणि दोन सोबती एका कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या बंगल्यावर मागणीपत्र घेऊन गेलो. दर्शनी व्हरांड्यात पाय ठेवला तर चपराशी म्हणाला, मागून या. मागे गेलो तर स्वयंपाकघराचे दार. तिथे, खरकट्याच्या बादलीशेजारी, तास दीड तास उभे राहून आम्ही आमचे मागणीपत्र दिले. तेव्हा वाटले होते, हा त्या साहेबाचा उर्मटपणा. पुढे कळले की साहेब बदलले तरी मागचे दार तिथेच राहते, कारण ते विटांत बांधलेले असते. घराचा नकाशा हा एक करार असतो: कोणी कुठून यावे, कोणी किती चढावे, कोणाला उजेड किती. सही कोणाची नसते, पण पाळतात सगळे.

आता या घराचे दुसरे आयुष्य. पहिले महायुद्ध झाले. मोलकरणींच्या मुली कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेल्या. त्यांना तिथे पगार बरा होता आणि संध्याकाळ स्वतःची होती. चार मजल्यांवर कोळसा वाहायला माणूस मिळेना. मोठी घरे मध्यमवर्गाला झेपेनात. मग लंडनमध्ये अशा शेकडो घरांत खोली-खोली भाड्याने देण्यास सुरुवात झाली. ज्या नकाशाने माणसांची मजल्यांवर विभागणी केली होती, तो नकाशा श्रमिकांनी पाठ फिरवताच मोडला. आणि त्या मोडलेल्या नकाशात कोकणातल्या आंबडव्याच्या महार कुटुंबातल्या मुलाला, परळच्या चाळीतून आलेल्या विद्यार्थ्याला, एक खोली मिळाली.

ही खोली किती मोठी गोष्ट होती ते समजायला चार वर्षे मागे जावे लागते. १९१७ साली आंबेडकर कोलंबिया आणि लंडन इथले शिक्षण घेऊन बडोदा सरकारच्या नोकरीवर रुजू झाले. बडोद्यात त्यांना राहायला घर मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते कसेबसे राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. त्या संध्याकाळी बडोद्याच्या सार्वजनिक बागेत ते दुःखाने बसून राहिले. हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आपल्या देशात पदवी होती, नोकरी होती, राजाचा आधार होता; फक्त छप्पर नव्हते. लंडनमध्ये दरमहा भाडे दिले की छप्पर होते.

इंग्रजांची आरती ओवाळण्यासाठी मी हे सांगत नाही. काळ्या माणसाला खोली नाकारणाऱ्या घरमालकिणी त्या लंडनमध्ये खूप होत्या, आणि या साम्राज्याने आपल्या जंगलांचे काय केले ते या सभेत सांगायला नको. सागाच्या राखीव जंगलाच्या हद्दी कोणी आखल्या आणि आपली वहिवाट तिथे चोरी कशी ठरली, हे तुमच्या आजोबांनी भोगले आहे. मी एवढेच म्हणतो, की घराची किंमत त्याच्या विटांत शोधली तर चुकते. ते घर कोणाला आत घेते, त्यात ती किंमत असते.

त्या खोलीत ते कसे राहिले? चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे की खाणे अगदी थोडे, घरमालकीण हात राखून वाढणारी, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. दिवस जायचा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहात. १८५७ साली उघडलेले ते गोल घुमटाचे वाचनगृह. कार्ल मार्क्सही तिथेच बसून लिहीत असे. बसभाडे वाचावे म्हणून पायी चालणे. रात्री परतून पुन्हा अभ्यास. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी. एस्सी. त्या घराचा नकाशा करणाऱ्याने ती खोली कोणासाठी आखली होती कोण जाणे. पण पुढे १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास चोपन्नावरून अठ्ठेचाळीस करणारे कारखाना दुरुस्ती विधेयक ज्या मजूरमंत्र्याने मांडले, त्याची तयारी त्या खोलीत झाली.

आता तिसरे आयुष्य, आणि इथे जतनाचा प्रश्न येतो.

इंग्लंडात जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा पहिला कायदा १८८२ चा. तो प्राचीन दगडी अवशेषांपुरता होता. घरांची खरी काळजी दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावानंतर सुरू झाली. १९४७ च्या नगररचना कायद्याने याद्या करण्याची पद्धत रुजवली: महत्त्वाच्या वास्तूंच्या श्रेणी लावायच्या, आणि यादीतल्या घराची खिडकीसुद्धा परवानगीवाचून बदलायची नाही. १९६७ मध्ये सबंध मोहल्ले जपण्याची तरतूद आली. याखेरीज लंडनमध्ये १८६६ पासून एक चाल आहे, थोर माणूस राहिला त्या घरावर गोल पाटी लावायची. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये हाउली प्लेसमधल्या ज्या घरात राहिले, त्यावर १९६१ साली पाटी लागली. आंबेडकरांच्या घरावरही निळी पाटी आहे. पण पाटी म्हणजे कायदा नव्हे. पाटी घर पडू देत नाही असे नाही. ती फक्त पाडणाऱ्याला लाज वाटेल अशी सोय करते.

२०१५ साली हे घर विक्रीला निघाले. महाराष्ट्र सरकारने ते सुमारे एकतीस लाख पौंडांना घेतले, आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथे स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे खरी गोष्ट घडली. तिथली स्थानिक संस्था, कॅम्डनची नगरपरिषद, म्हणाली की हे घर राहण्याचे आहे. त्याचे संग्रहालय करायला परवानगी लागते आणि ती आम्ही देत नाही. २०१८ साली परवानगी नाकारली गेली. कारण काय? लंडनमध्ये राहायला घरे अपुरी आहेत, एकही राहते घर कमी होता कामा नये. काही शेजाऱ्यांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रारही केली.

ही बातमी आली तेव्हा आपल्याकडे संतापाची लाट आली. मीही संतापलो. पण रात्री अंथरुणावर विचार करताना माझे निम्मे मन त्या नगरपरिषदेकडे गेले. मी सारे आयुष्य माणसांना डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून भांडलो. ज्याला बडोद्यात छप्पर मिळाले नाही त्याच्या नावाने एक छप्पर कमी करायचे का? हा प्रश्न खोटा नाही. तो विरोधकाने विचारला म्हणून टाकाऊ ठरत नाही. युनियनच्या कामाने मला एक शिकवले: समोरच्याचा मुद्दा खरा असेल तर तो आधी मान्य करावा, मग आपला मांडावा, त्याने आपला मुद्दा हलका होत नाही.

आपला मुद्दा असा, की राहणे म्हणजे केवळ निजणे नव्हे. त्या घरात एका कुटुंबाने राहावे ही एक गरज. जगभरच्या, ज्यांना ज्यांना मागच्या दाराने यायला सांगितले गेले अशा माणसांनी पुढच्या दाराने आत यावे, पायऱ्या चढाव्यात आणि त्या खोलीत दोन क्षण उभे राहावे, ही दुसरी गरज. सप्टेंबर २०१९ मध्ये चौकशी अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी अपील मान्य केले आणि स्मारकाला परवानगी मिळाली. मला निकालापेक्षा पद्धत मोलाची वाटते. एका घराच्या वापरासाठी दुसऱ्या देशाच्या सरकारलाही तिथल्या नगरपरिषदेपुढे अर्ज करावा लागतो, शेजाऱ्याचेही म्हणणे ऐकले जाते, आणि कारणे लिहून निकाल दिला जातो. घटना लिहिणाऱ्याच्या घराचा निकाल अशा रीतीने लागावा, हे मला योग्य वाटते.

त्या घराची एक मुळी मुंबईतही रुजली. परदेशातून परत आल्यावर आंबेडकर पुन्हा परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत राहू लागले. पुस्तके इतकी की माणसांना जागा नाही. पुढे १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. त्याची आखणी त्यांनी स्वतः लक्ष घालून केली. कुटुंब खाली आणि पुस्तके वर. आता लंडनच्या नकाशाशी ताडून पाहा. तिथे उंच छत आणि मोठ्या खिडक्या होत्या पाहुण्यांच्या दिवाणखान्याला; छपराखाली होती मोलकरीण. इथे वरच्या मजल्याचा मान पुस्तकांना. एका माणसाने भाड्याच्या खोलीत राहून घरे कशी बांधतात ते पाहिले, आणि स्वतःचे बांधताना वरखाली काय ठेवायचे ते बदलले. ७ जुलै २०२० रोजी त्याच राजगृहाच्या आवारात कोणीतरी शिरून कुंड्या आणि काचा फोडल्या. लंडनच्या घराला परवानगी मिळून चार महिनेही झाले नव्हते. जतन केलेली वास्तू कागदाने राखली जात नाही, आसपासच्या लोकांनी राखली तरच राहते.

आता शेवटचे, आपल्या कुरखेड्याचे.

आपल्याकडे मार्कंड्याची देवळे आहेत, वैरागडचा किल्ला आहे. त्यांचा अभिमान हवाच. पण गवंड्या-सुतारांनी, बुरडांनी आणि बेलदारांनी आपसात ठरवून बांधलेले जे साधे घर, त्याची नोंद कोणी ठेवायची? कुडाच्या भिंती, शेणामातीचा लेप, सागाची मयाल, त्यावर बांबूच्या कमच्या आणि कवेलू, पुढे ओसरी, मागे सांदवाडी. आमच्या डोळ्यांदेखत ही घरे जात आहेत आणि सिमेंटची घरकुले येत आहेत. ती येऊ नयेत असे मी म्हणणार नाही; पावसाळ्यात गळत्या छपराखाली ज्याने रात्र काढली आहे, त्याला जुन्या कवेलूचे कौतुक सांगण्याचा कोणालाही अधिकार नाही. पण जाणारे घर मोजून ठेवायला कोणी अडवले आहे? एक वही, एक दोरी, एक शाळकरी मुलगा पुरे. घर किती हात लांब, किती रुंद, दार कोणत्या दिशेला, चूल कुठे, गुरे कुठे. मयाल कोणत्या सुताराने तासली, कुड कोणी विणला. आणि मी आज सांगितलेला करारही त्यात लिहावा: या घरात ओसरीपर्यंत कोण येत असे, माजघरापर्यंत कोण, आणि अंगणातच कोणाला थांबावे लागे. हे लिहिताना हात थांबेल. थांबला तरी लिहावे. चांगली बाजू तेवढी टिपून ठेवली तर ती नोंद अर्धवट राहील, आणि अर्धवट नोंदीवरून आपली नातवंडे चुकीचे घर बांधतील.

पुढच्या वसंतात ही व्याख्यानमाला भरेल तेव्हा दहा घरांच्या दहा वह्या या टेबलावर असाव्यात, अशी माझी मागणी आहे. माझ्या सवयीप्रमाणे मी ती तोंडी न ठेवता लेखी देत आहे. चालकांच्या हाती कागद ठेवला आहे. पहिली वही माझ्या आईच्या घराची. ते घर अजून उभे आहे, आणि त्याला दार एकच आहे.